माळव्याची अफू आणि मुंबईची घडण

#धागा

१/
दिवाळीच्या अनारशावर लावलेली खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. या बियांत नशा नसते. नशा असते ती त्याच झाडाच्या हिरव्या बोंडातून पाझरणाऱ्या पांढऱ्या चिकात. तो वाळला की तपकिरी, कडू, उग्र वासाची अफू तयार होते. एकोणिसाव्या शतकात या चिकापायी दोन युद्धे झाली, एका साम्राज्याची तिजोरी भरली आणि मुंबई बंदराला महानगर होण्यासाठी लागणाऱ्या भांडवलाचा मोठा वाटा मिळाला. त्या व्यवहाराचा आणि त्याची किंमत मोजणाऱ्यांचा हा इतिहास.

२/
अफू मुळात औषध. मध्ययुगीन आयुर्वेदिक ग्रंथांत ती ‘अहिफेन’ या नावाने येते. अतिसार, खोकला आणि असह्य वेदना यांवर तिच्याइतका खात्रीचा उपाय जुन्या जगात क्वचितच होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने तिच्यातून मॉर्फिन वेगळे केले. वेदना शमवणारा अफूतील मुख्य घटक तोच, आणि माणसाला बांधून ठेवणारा घटकही तोच.

३/
मॉर्फिन मेंदूतील वेदनेचे संदेश दडपते आणि त्याच वेळी एक खोल, निश्चिंत सुख देते. सेवन रोजचे झाले की शरीर सरावते, पूर्वीची मात्रा पुरेनाशी होते, गोळी वाढत जाते. अफू बंद केली तर अंग मोडून येते, घाम फुटतो, पोटात मुरडा मारतो, झोप उडते. या टप्प्यावर माणूस सुखासाठी अफू घेत नाही. ती न घेतल्यास होणारे हाल टाळण्यासाठी घेतो. गिऱ्हाईक कधीच तुटत नाही असा हा माल आहे, हे व्यापाऱ्यांनी आणि राज्यकर्त्यांनी फार लवकर ओळखले.

४/
चीनमध्ये अफू औषध म्हणून जुनीच होती. सतराव्या शतकात तंबाखू आला, पुढे तंबाखूत अफू मिसळून ओढली जाऊ लागली आणि कालांतराने नुसती अफूच चिलमीत जळू लागली. गिळलेल्या अफूपेक्षा ओढलेल्या अफूचा कैफ लवकर चढतो. १७२९ मध्ये योंगझेंग सम्राटाने ओढण्याच्या अफूची विक्री आणि अफूचे अड्डे यांवर बंदी घातली. शतकाच्या अखेरीस आयातही निषिद्ध झाली. म्हणजे पुढे मुंबई-कलकत्त्याहून निघालेली प्रत्येक पेटी चीनच्या कायद्याने गुन्ह्याचा माल होती.

५/
मग ती जात का होती? उत्तर चहात आहे. इंग्लंडला चिनी चहाची चटक लागली होती, पण चीनला इंग्लंडचा माल फारसा नको होता. चहाचे मोल चांदीत चुकवावे लागे. ईस्ट इंडिया कंपनीने यावर बंगालच्या अफूचा तोडगा काढला. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तिथल्या अफूवर कंपनीची मक्तेदारी आली. शेतकऱ्याला उचल द्यायची, ठरलेल्या भावात चीक घ्यायचा आणि तयार अफूच्या पेट्या कलकत्त्यात लिलावात विकायच्या.

६/
लिलाव झाला की कंपनी हात झटकून मोकळी होई. स्वतःच्या जहाजातून ती अफू नेत नसे, कारण तसे केल्यास चीनने चहाचा व्यापार बंद केला असता. माल नेत खासगी व्यापारी. कँटनजवळ लिंतिन बेटापाशी गोदामासारखी जहाजे नांगर टाकून उभी असत. चिनी तस्कर जलद वल्हवणाऱ्या होड्यांतून येऊन माल उचलत, अधिकाऱ्यांना त्यांचा हिस्सा पोचे. अफूची चांदी कँटनमध्ये कंपनीच्या हाती येई आणि तिने चहा घेतला जाई. कागदोपत्री कंपनीचा तस्करीशी संबंध नव्हता.

७/
या मक्तेदारीला खिंडार पडले ते माळव्यातून. उज्जैन, इंदूर, मंदसौर, रतलाम या काळ्या जमिनीच्या मुलखात शिंदे, होळकर आणि लहानमोठ्या संस्थानिकांची सत्ता होती. तिथला शेतकरी सावकाराकडून उचल घेऊन रब्बीत अफू लावी. बोंडे भरली की बारीक टोकांच्या सुरीने त्यांना चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरू द्यायचा आणि सकाळी तो खरवडून घ्यायचा. वाळू नये म्हणून चीक जवसाच्या तेलात ठेवत. पुढे तेल निथळून त्याचे गोळे वळत आणि ते पेट्यांत भरले जात.

८/
ही अफू बंगालच्या अफूशी चीनच्या बाजारात स्पर्धा करू लागली तेव्हा कंपनीने तिला ‘चोरटा माल’ ठरवले. १८१८ मध्ये मराठी सत्तेचा पाडाव झाल्यावर माळव्यातील राज्यांवर इंग्रजांचा वचक बसला. कंपनीने आधी सगळी अफू स्वतः विकत घेऊन पाहिली, मग संस्थानिकांशी करार करून लागवड आणि वाहतूक रोखण्याचा प्रयत्न केला. बंगालमध्ये जो व्यापार सरकारी उद्योग होता, तोच माळव्यात गुन्हा झाला. पदार्थ एकच, जाणार एकाच देशात. फरक एवढाच की एकाचा नफा कंपनीचा होता आणि दुसऱ्याचा नव्हता.

९/
बंदोबस्त फसला. माळव्याची अफू राजस्थानातील पाली, जैसलमेर असा वळसा घेत वाळवंट ओलांडून कराचीला पोचू लागली. तिथून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला आणि दमणहून मकावला. सावकार, उंटवाले, बैलांचे तांडे, विमा उतरवणारे, हुंड्या वटवणारे अशी मोठी साखळी इंग्रजी अमलाला बगल देत उभी राहिली. तिच्यात गुजराती, मारवाडी, पारशी, कोकणी मुसलमान आणि गोमंतकीय ख्रिस्ती सगळेच होते. दमणच्या व्यापारातील एक बडे नाव मुंबईस्थित गोमंतकीय व्यापारी रोजेरियु द फारिया यांचे.

१०/
शेवटी कंपनीने व्यवहारी मार्ग पत्करला. जे रोखता येत नाही त्यावर कर बसवायचा. १८३०-३१ च्या सुमारास माळव्याच्या अफूला मुंबईमार्गे जाण्याची मुभा मिळाली. प्रत्येक पेटीमागे १७५ रुपयांचा परवाना घ्यायचा, बस्स. पेटी साधारण साठ-बासष्ट किलोंची. काल जी अफू चोरटी होती ती आज पावती घेऊन राजरोस मुंबईच्या वखारींत येऊ लागली. १८३०च्या दशकाअखेरीस भारतातून चीनला जाणाऱ्या पेट्या वर्षाला ३०,००० च्या वर गेल्या होत्या आणि त्यांत माळव्याचा वाटा मोठा होता.

११/
या काळातील सर्वांत प्रसिद्ध व्यापारी जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९). तरुणपणी त्यांनी चीनच्या अनेक सफरी केल्या. १८०५ मध्ये ‘ब्रन्सविक’ या जहाजावर असताना फ्रेंचांनी ते जहाज पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक डॉक्टर होता. तोच जार्डिन पुढे चीनमधील अफूच्या व्यापाराचा अग्रणी झाला. १८३२ मध्ये ‘जार्डिन, मॅथेसन अँड कंपनी’ स्थापन झाली आणि जमशेटजी तिचे मुंबईतील प्रमुख सहकारी ठरले. त्यांचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे.

१२/
चीनमध्ये या पेट्यांनी काय केले? व्यसन दरबारातील अधिकाऱ्यांपासून छावणीतील शिपायांपर्यंत पोचले. कुटुंबाची मिळकत चिलमीत जळू लागली. दुसरा घाव अर्थव्यवस्थेवर बसला. पूर्वी चहाच्या मोबदल्यात चांदी चीनमध्ये येत असे, आता ती बाहेर वाहू लागली. चिनी शेतकरी धान्य विकून तांब्याची नाणी मिळवी, पण सारा चांदीच्या हिशेबात भरे. चांदी महागली तसा साऱ्याचा बोजा न वाढवताच वाढला. ज्याने आयुष्यात अफूला हातही लावला नव्हता, तोही तिची किंमत मोजत होता.

१३/
दाओग्वांग सम्राटाने १८३९ मध्ये लिन झेश्यू या कर्तव्यकठोर अधिकाऱ्याला कँटनला पाठवले. त्याने परदेशी वखारींना वेढा घालून २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या. हुमेन येथे खड्डे खणून, त्यांत पाणी, मीठ आणि चुना टाकून ही अफू विरघळवली गेली आणि समुद्रात सोडली गेली. या कामाला सुमारे तीन आठवडे लागले. राणी व्हिक्टोरियाला उद्देशून लिहिलेल्या पत्रात लिनने या व्यापाराच्या नीतिमत्तेबद्दल जाब विचारला होता. नष्ट झालेल्या पेट्यांतील बऱ्याच मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या होत्या.

१४/
उत्तर तोफांनी आले. पहिल्या अफू युद्धात (१८३९–४२) इंग्रजांच्या बाजूने हिंदी शिपाईही लढले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर झाला, ती मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानातून बांधलेली होती. चीनने हाँगकाँग गमावले आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांतील ६० लाख नष्ट केलेल्या अफूची भरपाई म्हणून. दुसऱ्या युद्धाच्या काळात, १८५८ मध्ये, अफूची आयातच चीनला कायदेशीर करावी लागली.

१५/
त्याच १८४२ साली जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १८५७ मध्ये ते पहिले हिंदी बॅरोनेट झाले. इकडे १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि कराचीची चोरवाट बंद झाली. स्पर्धा संपताच परवान्याचा दर चढू लागला. १८३५ मध्ये १२५ रुपयांवर उतरलेला दर १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. बंगाल आणि माळवा मिळून अफूचे उत्पन्न काही दशके हिंदुस्थान सरकारच्या महसुलाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतके होते.

१६/
या व्यापारातील नफ्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जमशेटजींच्या देणगीतून मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाविद्यालय उभे राहिले. त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता १८४५ मध्ये खुला झाला. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांचे घराणे पुढे माळव्याच्या अफूतील सर्वांत बलाढ्य पेढी ठरले. पुण्याचे ससून रुग्णालय याच घराण्याच्या दानातून उभे आहे. जमशेटजींनी वा ससूनांनी त्या काळच्या इंग्रजी कायद्याविरुद्ध काहीही केले नव्हते. ज्यांच्या कायद्याविरुद्ध केले, ते रुग्ण या रुग्णालयांत येणार नव्हते.

१७/
सगळ्यांनाच हा व्यवहार निर्दोष वाटत नव्हता. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार होऊन इंग्लंडला गेले. अफू आणि दारूच्या नफ्यात वाटा घेणे त्यांच्या विवेकाला पटेना. १८५८ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. पुढे संपत्तीच्या अपहाराचा सिद्धान्त मांडताना त्यांनी अफूकडेही बोट दाखवले. हिंदुस्थानातून होणारे शोषण भरून काढण्यासाठी चीनला विष पाजले जाते. हे इंग्लंडचे पाप आहे आणि त्याचे साधन होणे हा हिंदुस्थानला लागलेला शाप आहे, असा त्यांचा आशय होता.

१८/
पुण्यात स्त्रीशिक्षणाचे काम करणाऱ्या सुंदरबाई पवार यांनी इंग्लंडमध्ये जाऊन अफूच्या व्यापाराविरुद्ध भाषणे केली. अफूचा प्रश्न तोवर मुख्यतः चीनचा मानला जाई. घरातील पुरुषाच्या व्यसनाने हिंदी स्त्रियांच्या वाट्याला काय येते, हे त्यांनी इंग्रज श्रोत्यांपुढे मांडले. लंडनमध्ये १८७४ पासून अफूविरोधी संस्था कार्यरत होती. तिच्या दबावामुळे पार्लमेंटने १८९३ मध्ये रॉयल कमिशन नेमले.

१९/
लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने शेकडो साक्षी नोंदवल्या. १८९५ चा निष्कर्ष असा की हिंदी माणूस अफू बेताने खातो, ती त्याच्या चालीरीतींचा भाग आहे, बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या सदस्याने भिन्नमत नोंदवले. अनेक हिंदी पुढाऱ्यांचीही कोंडी झाली होती. अफूचे उत्पन्न बुडाले तर सरकार तो खड्डा हिंदी रयतेवर नवे कर बसवून भरील, ही त्यांची भीती निराधार नव्हती. आयोगाच्या अहवालाने विषय जवळजवळ दशकभर मिटवला.

२०/
आयोगाला जी अफू ‘बेताची’ वाटली तिचा एक चेहरा मुंबईच्या चाळींत होता. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. त्यांत गुंतलेल्या भांडवलाचा मोठा भाग चीनशी चालणाऱ्या अफू आणि कापसाच्या व्यापारात साठलेला होता. ससूनांसारख्या अफूच्या पेढ्या पुढे थेट गिरणीमालक झाल्या. या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, घाटमाथा येथून आलेली कुटुंबे राबू लागली. पुरुषांबरोबर स्त्रियाही होत्या. त्यांतील पुष्कळजणी सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करत.

२१/
१८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला, म्हणजे त्याआधी तो याहून मोठा असे. बाळंतपणाची भरपगारी रजा नव्हती आणि गिरणीत पाळणाघर नव्हते. गावाकडची सासू किंवा आई चाळीत सोबतीला असेलच असे नाही. तान्हे मूल दिवसभर कोणाकडे ठेवायचे? उत्तर होते अफूची ‘बाळगोळी’. सकाळी निघताना मुलाला गोळी चाटवायची. ते संध्याकाळपर्यंत झोपून राही. अफू काही चोरून आणावी लागत नसे. सरकारी परवान्याच्या दुकानात ती मिळे आणि तिच्या विक्रीतून सरकारला अबकारी उत्पन्न होई.

२२/
झोपलेले मूल रडत नाही, आणि भुकेलेले असले तरी रडत नाही. अफूने भूक मरते, आतडी मंदावतात, श्वास उथळ होतो. मूल दूध कमी ओढते, वाळत जाते आणि साध्या आजारालाही बळी पडते. गोळी थोडी मोठी झाली तर श्वासच थांबतो. रोज दिलेली गोळी एखाद्या दिवशी चुकली तर तेच मूल तलफेने कळवळून रडते. आईला ते आजारपण वाटते आणि ती पुन्हा गोळी देते. मोठ्या माणसाच्या व्यसनाचे सगळे चक्र असे पाळण्यातच सुरू होई.

२३/
१९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करवली. या स्त्रियांच्या जवळपास सर्वच अर्भकांना अफू दिली जाते, असे तिच्यात आढळले. सुशिक्षित समाजात यावर ‘अडाणी आया’ असा शेरा मारणारे होते. पण गोळी देणाऱ्या आईला तिचे दुष्परिणाम ठाऊक असले तरी पर्याय कोणता होता? काम सोडले तर चूल थंड, मूल एकटे टाकले तर अपघाताची भीती. अज्ञान होतेच, पण त्याआधी गिरणीचा भोंगा होता.

२४/
म्हणून या प्रश्नाचे खरे उत्तर उपदेशातून नव्हे, कामगार कायद्यांतून आले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यात संमत झाला. देशात असा हा पहिलाच. १९३४ च्या कारखाना कायद्याने पाळणाघरांची सक्ती करण्याची मुभा प्रांतांना दिली आणि १९४८ च्या कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत ती बंधनकारक झाली. मुलाला ठेवायला जागा मिळते तिथे त्याला गुंगीत ठेवण्याची गरज उरत नाही.

२५/
चीनशी चालणारा व्यापार त्याआधीच आटोपला होता. १९०६ मध्ये चीनने दहा वर्षांत अफू संपवण्याचा निर्धार केला. १९०७ च्या करारानुसार भारतातून होणारी निर्यात दरवर्षी दहाव्या हिश्शाने घटवायची होती, पण १९१३ मध्येच ती थांबली. देशांतर्गत विक्री मात्र सरकारी दुकानांतून चालूच राहिली. औषधाव्यतिरिक्त अफू खाण्यावर देशभर बंदी येण्यास स्वातंत्र्यानंतरचे १९५९ साल उजाडावे लागले. आजचा अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे.

२६/
ज्या कायद्याखाली आज चिमूटभर अफूसाठीही माणूस गजाआड जातो, त्याच्या शंभर वर्षे आधी तीच अफू सरकारी शिक्क्याच्या पेट्यांतून जहाजांवर चढत होती. या दोन काळांत अफूचा गुणधर्म तसूभरही बदललेला नाही. बदलले ते एवढेच की तिच्या नफ्यावर कोणाचा हक्क आहे आणि तिच्या हानीची नोंद कोणाच्या वहीत होते. चीनमधील व्यसनी कुटुंबे कंपनीच्या वहीत नव्हती. परळच्या खोलीत झोपवलेले मूलही अबकारी खात्याच्या वहीत नव्हते. तिथे फक्त विकल्या गेलेल्या अफूची जमा होती.

२७/
मंदसौर, नीमच, रतलामच्या शेतांत आजही अफू पिकते. केंद्राच्या परवान्याने, मोजलेल्या क्षेत्रात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांना तशाच चिरा पडतात, सकाळी तसाच चीक खरवडला जातो आणि तो नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. तिथे त्याच्यापासून औषधे बनतात. मुंबईतल्या एखाद्या रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णाला शांत झोप देणारे मॉर्फिन याच झाडाचे, आणि दिवाळीच्या अनारशावरची खसखसही याच झाडाची.

(समाप्त)